गोड्या पाण्याचा बर्फ

१

रोदिओन येवशिनला बर्फाखालून वर ओढलं तेव्हा त्याच्या तोंडात रेग्युलेटर नव्हता. दोन्ही रेग्युलेटर छातीवर लोंबत होते आणि पाठीवरची जुळी सिलिंडरं पार रिकामी झाली होती.

एकच रेग्युलेटर बिघडला असता तर आम्ही तोनिखा गावचे लोक छातीवर क्रूस काढून गप्प बसलो असतो. श्वेत समुद्राचं आणि आमचं देणंघेणं जुनं आहे. तो वर्षभर खायला घालतो आणि कधीतरी आमच्यातलाच एखादा मागून घेतो. त्यावर तक्रार कुणाकडे करायची? चर्चमध्ये उभं राहून गायचं, डोळे पुसायचे आणि जाळी दुरुस्त करायला बसायचं.

पण इथं दोन गोठले होते, आणि दोन्ही एकदम.

सिलिंडरमधली हवा म्हणजे दाव्याला हिसके देणारा बैल. तिला वेसण घालून माणसाच्या श्वासाएवढी मऊ करतो तो रेग्युलेटर. दाबातून सुटताना हवा भयंकर गार होते. अशा वेळी रेग्युलेटरच्या पोटात पाण्याचा थेंब असला तर तो गोठतो, झडप उघडी राहते आणि सगळी हवा भसाभसा निघून जाते. म्हणून बर्फाखाली जाणारा पाणबुड्या दोन रेग्युलेटर नेतो, प्रत्येकाची तोटी वेगळी. एक गोठला तर त्याची तोटी बंद करायची आणि दुसऱ्यावर श्वास घेत दोराच्या आधारानं वर यायचं.

रोदिओन हे काम झोपेतसुद्धा करू शकला असता. बर्फाखाली शिंपल्यांची शेती असते, तिचे दोर तपासायला तो हिवाळाभर उतरत असे. वर बर्फातल्या त्रिकोणी भोकाशी त्याचा दोर धरून उभा असे तिमोफेय. दोघं एका चुलीपाशी वाढलेले. तिमोफेयची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हापासून रोदिओनच्या आईनं, अगाफ्यानं, एका भांड्यातून दोघांना जेवू घातलं.

त्या दिवशी दोराला खालून हिसके बसले तसं तिमोफेयनं जीव खाऊन ओढायला सुरुवात केली. पण दोर बर्फाच्या खालच्या कंगोऱ्यात अडकला. तो सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाणबुड्यांच्या तळाचा मालक ग्लेब मढ्याशेजारी गुडघ्यावर बसला होता. उठताना तो म्हणाला, "एक गोठला तर थंडी. दोन गोठले तर माणूस."

सगळ्यांनी तिमोफेयकडे पाहिलं. कारण आदल्याच दिवशी दुकानात, सगळ्या बायामाणसांसमोर, तो रोदिओनवर ओरडला होता, "असाच वागत राहिलास तर मरशील एक दिवस! आणि तुझं मढं मलाच ओढावं लागेल!"

२

जिल्ह्याहून चौकशीला आल्या त्या वार्वाराबाई. धिप्पाड, डोक्याला लोकरीचा रुमाल, आणि बोलताना मान डावीकडे कलती. तरुणपणी त्या स्वतः पाणबुड्या होत्या आणि डाव्या कानाचं ऐकणं पाण्यातच ठेवून आल्या होत्या. गावात पाहुण्यांची खोली माझ्याकडे आहे, म्हणून त्यांची स्लेज, बर्फावरची घसरगाडी, माझ्याच दारात थांबली. मी निकानोर, इथल्या चर्चमधला गायक. माझी बायको गेल्यापासून घरात माझाच तेवढा आवाज.

"चहा टाकतो, बाई," मी म्हणालो.

"नंतर. रेग्युलेटर कुठायत?"

"ग्लेबच्या पडवीत."

"कुणी शहाण्यानं शेकोटीपाशी तर नाही ना आणले?"

"नाही. भीतीनं कुणी हातच लावला नाही."

"भीतीनं आजवर केलेलं हे एकच चांगलं काम," त्या म्हणाल्या आणि पडवीकडे निघाल्या. दिवा धरायला मी मागोमाग.

ग्लेबनं दारातच बोलायला सुरुवात केली. "बाई, माल चांगला आहे. थंड पाण्यासाठी बनवलेला. मी कंजूष असेन, पण मारेकरी नाही."

"कंजूष कोण म्हणालं?"

"अख्खं गाव म्हणतं. निकानोरकाका तर गाण्यातूनसुद्धा म्हणतात."

बाईंनी आधी हवेची परीक्षा घेतली. त्याच दिवशी भरलेलं दुसरं एक सिलिंडर घेतलं आणि त्याची हवा गार आरशावर सोडली. आरसा स्वच्छ राहिला, बाष्पाचा डागसुद्धा नाही. म्हणजे हवा कोरडी होती आणि भरणाऱ्या यंत्राकडे दोष जात नव्हता.

मग त्यांनी पान्यानं रेग्युलेटरचा सिलिंडरकडचा भाग उघडला. बाहेरून चढलेला बर्फ कधीच झटकला होता. हा आत होता, झडपेच्या तोंडाशी, बुचासारखा बसलेला. दुसरा उघडला, तिथंही तेच. बाईंनी सुरीच्या टोकानं कण काढला आणि सरळ जिभेवर ठेवला. ग्लेबनं तोंड वाकडं केलं.

"काका, तुम्हीही घ्या."

मी घेतला. "कशाचीच चव नाही, बाई."

"तेच तर." त्यांनी सुरीचं टोक त्या बुचावर टेकवलं. "समुद्राचं पाणी शिरलं असतं तर खारट लागलं असतं. आपला समुद्र शून्याच्या खाली जाऊनही वाहता राहतो, तो मिठामुळे. त्या पाण्यात गोडं पाणी नेलं की मात्र ते दगड होतं. हे गोडं पाणी आहे."

"मग ते आत आलं कुठून?" ग्लेबचा आवाज बारीक झाला.

"हेच विचारायला मी आले. कुणीतरी घातलं. दोन्हींत घातलं आणि वरचं टोपण नीट लावून टाकलं."

३

तिमोफेयला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं होतं. दोराच्या घासानं दोन्ही तळवे सोलून निघालेले, आणि त्यावर कुणी पट्टीसुद्धा बांधली नव्हती. बाईंनी आधी पट्टी मागवली, स्वतः बांधली आणि बांधता बांधताच विचारलं, "दुकानात कशावरून भांडलास?"

"यंत्रं घरी नेतो म्हणून."

"कुणी?"

"आमच्या रोदिओननं, रोद्यानं, आणखी कोण! तळावर सुकवायची खोली आहे. पण हा ऐकेल तर शपथ. खांद्यावर टाकून घरी न्यायचा आणि चुलीशेजारी खिळ्याला टांगायचा. म्हणे आईच्या उबेत वाळलेलं चांगलं वाळतं. मी म्हणायचो, अरे गाढवा, सामान तळाबाहेर गेलं की त्याला कुणाचा हात लागेल सांगता येतं का?"

"म्हणून म्हणालास, मरशील एक दिवस?"

"आम्ही एकमेकांना रोजच मारायचो, बाई." तो हसायला गेला, पण हसू तोंडातच विरलं. "उन्हाळ्यात त्यानं मला होडीतून ढकललं होतं. तेव्हा कुणी चौकशी केली नाही."

"गोड्या पाण्यानं रेग्युलेटर तू धुतलेस?"

"हिवाळ्यात आम्ही धुतच नाही. धुतलं की पाणी राहतं आणि राहिलं की गोठतं. नवख्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"नीट आठव. धुतले असशील तर ती चूक ठरेल. कुणीतरी मुद्दाम पाणी घातलं असं ठरलं तर तो खून. दोन्हींत फार अंतर आहे."

"नाही धुतले," तिमोफेय म्हणाला. "माझं काहीही करा, पण जे केलं नाही ते केलं म्हणणार नाही."

"उतरण्याआधी त्यानं श्वास घेऊन पाहिला नाही?"

"तळावरच्या उबेत पाहिला असेल, तिथं चालणारच. बर्फावर आल्यावर पाण्यात शिरेपर्यंत तोंडात धरायचा नाही, तसा नियमच आहे. तोंडाची वाफ आत जाते आणि गोठते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पोरगा खरं बोलतोय ना?"

"बोलतोय. आणि तेच त्याला नडणार आहे. दोन्ही रेग्युलेटर त्यानंच जोडून दिले, दोर त्याच्याच हातात, भांडण गावानं ऐकलेलं. काका, उद्या स्लेज परत जाईल तेव्हा मला याला घेऊन जावं लागेल. मधे दुसरं कुणी सापडलं नाही, तर हा परत येईल तेव्हा तुमच्यासारखा म्हातारा असेल."

४

वितळवण्यासाठी बाईंनी ते दोन्ही बर्फाचे तुकडे माझ्या घरी पांढऱ्या बशीत ठेवले. चहा झाला, मोरोश्का नावाच्या पिवळ्या रानफळांचा मुरांबा चाखून झाला. बशीत जेमतेम चमचाभर पाणी उरलं, आणि त्या पाण्यावर तरंगत होता एक कण. तांदळाच्या कणीपेक्षा लहान आणि पिवळसर.

"ग्रीस!" बाई खुर्चीतून उठल्याच. "हलकं ग्रीस थंडीत घट्ट होतं, झडप धरून ठेवतं. चला त्या कंजुषाकडे."

ग्लेबनं कपाट उघडून डबा पुढ्यात आपटला. आतलं ग्रीस काचेसारखं पारदर्शक होतं. "हे बघा. या तळावर पिवळे फक्त माझे दात. शेजारच्या गावातून पिवळं ग्रीस अर्ध्या किमतीत मिळत होतं, मी घेतलं नाही. रोद्या म्हणाला होता, ग्लेब, ते आणलंस तर तुलाच बर्फाखाली पाठवीन." एवढं बोलून तो खाली बसला आणि टोपी तोंडावर धरून रडायला लागला. त्याला रडताना गावानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बाई तडक माझ्याकडे परतल्या. घरात आल्या, तो कण अंगठ्यावर घेतला आणि बोटानं चोळला. बोटाच्या उबेनं तो मऊ झाला. त्यांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, तुमच्याकडे मधमाश्या पाळतात का?"

"इथं? या थंडीत? बाई, इथं माणसं पाळणं कठीण."

"मग याला मधाचा वास कसा?"

त्यांनी हात पुढे केला. मी वाकून हुंगलं. तो वास मी जन्मभर घेत आलोय. दर सणाला तो माझ्या गाण्यात मिसळतो, माझ्या कोटाला लागून घरी येतो. दक्षिणेतल्या मठातून येणाऱ्या, मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्यांचा वास.

जलाशीर्वादाच्या सणाला मोठ्या पिंपाच्या काठावर तीन मेणबत्त्या लावतात. पाद्री मंत्र म्हणतात, मी गातो, मेण ठिबकून पाण्यात पडतं. मग गाव बाटल्या घेऊन रांगेत उभं राहतं आणि मी पळीपळीनं ते तीर्थ प्रत्येकाच्या बाटलीत घालतो. हा सण होऊन फार दिवस झाले नव्हते. रोदिओन गेला त्याच्या दोनच दिवस आधी झाला होता, आणि सणानंतरची ती त्याची पहिलीच बुडी होती.

"काय झालं, काका? बसा खाली. ओळखलंत?"

ओळखलं होतं. "मेण आहे, बाई, तीर्थाच्या पिंपातलं," मी म्हणालो.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाफ्याच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ती भट्टीतून मासे घातलेली पोळी काढत होती. दुःखाच्या घरात येणाऱ्याला उपाशी धाडू नये, म्हणून मुलाला पुरल्यापासून ती भाजतच होती.

"निकानोर, ये. बाईंना चुलीशी बसव. तिमाला जेवण धाडलंय का कुणी? त्याला कांदा घातलेली आवडते."

तिमा म्हणजे तिमोफेय. वार्वाराबाई रुमाल सोडून तिच्याजवळ बसल्या, उजवा कान तिच्याकडे करून. "मावशी, रोदिओन त्याची यंत्रं कुठं टांगायचा?"

"तिथं." चुलीच्या कडेला दोन खिळे होते. त्यांच्या वरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी, तसबिरींपुढे दिवा, आणि दिव्याशेजारी तीर्थाची बाटली. मीच भरून दिलेली. "रोज यायचा, टांगायचा आणि म्हणायचा, आई, आज यांनाही ऊब दे."

"सणाच्या दिवशीही टांगली होती?"

"होती तर. तीर्थ आणलं, आधी गाईला शिंपडलं, मग उंबऱ्याला, होडीला, जाळ्याला. आमच्यात होडीला विसरून चालत नाही. मग म्हटलं, माझा पोर तर होडीनं जात नाही, तो यांच्या भरवशावर जातो. म्हणून यांनाही पाजलं."

चुलीत एक लाकूड तडतडलं.

"पाजलं?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"होय बाई. होडीवर शिंपडलं तर चालतं, होडी काही श्वास घेत नाही. हे घेतं ना? ज्याला श्वास आहे त्याला तीर्थ तोंडानं द्यावं, माझी आई म्हणायची. ते काळं टोपण काढलं की आत लहानसं तोंड आहे, पाखराच्या पिल्लासारखं. त्यात घोटभर घातलं आणि टोपण पुन्हा लावलं, धूळ जाऊ नये म्हणून. दोघांनाही पाजलं. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं कसं करायचं? घरात दोन पोरं वाढवलीत मी."

मी हातातला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला.

अगाफ्या डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपत होती. "तरी गेला. मी रात्रंदिवस हाच विचार करते, बाई, कुठं कमी पडलं? मला वाटतं, पाजलंच कमी. बाटली वर्षभर पुरवायची म्हणून हात आखडला मी."

वार्वाराबाईंनी तिचा पिठानं भरलेला हात दोन्ही हातांत घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी धिप्पाड बाई, पण नजर वाट चुकलेल्या लेकरासारखी होती.

६

पंचायतीच्या खोलीत बाईंनी तिमोफेयला सगळं सांगितलं. गोडं पाणी, मेण, खिळे, टोपण. मी दाराशी उभा होतो. तो ऐकत राहिला आणि शेवटी भिंतीला डोकं टेकून म्हणाला, "तिनं पाजलं. अर्थात, आणखी कोण पाजणार?"

"तू सुटलास," बाई म्हणाल्या. "यात खून नाही आणि तुझी चूकही नाही. मी तसंच लिहीन."

"आणि तिचं नाव?"

"आल्याशिवाय राहणार नाही. पाणी कुठून आलं हे लिहावंच लागेल. गावालाही सांगावं लागेल, नाहीतर लोक तुला जगू देणार नाहीत."

तिमोफेयनं पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. "मग लिहा, मी धुतले."

"काय?"

"रोद्याचे रेग्युलेटर मी गोड्या पाण्यानं धुतले, वाळवले नाहीत. चूक झाली. तुम्हीच म्हणालात ना, ती चूक ठरेल?"

"काल तूच म्हणालास, जे केलं नाही ते केलं म्हणणार नाही!"

"काल मला माहीत नव्हतं."

"वेड्या, कळतंय का तुला? खटला होईल. शिक्षा लहान असेल कदाचित, पण दोर पुन्हा हातात धरता येणार नाही, कुठल्याच समुद्रावर नाही. आणि या गावात तू कायमचा तोच राहशील, मित्राला मारणारा."

"बाई, मी दोर धरला होता आणि तो अडकला. हे तर कुणी माझ्यावरून पुसू शकत नाही. त्यात आणखी थोडी भर."

"मी खोटं लिहायला आलेले नाही."

"मग खरं लिहा," तो शांतपणे म्हणाला. "फक्त एक करा. लिहून झालं की तुम्हीच तिच्याकडे जा, चुलीशी बसा, आणि वाचून दाखवा. जमेल?"

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर समुद्र होता, वरून जमिनीसारखा दिसणारा. तिथूनच त्यांनी मला विचारलं, "काका, तुम्ही देवाच्या दारात गाता. सांगा काहीतरी."

मी काय सांगणार होतो? पळी माझ्या हातात होती. पाणी पवित्र होतं, हातातली माया खरी होती, थंडीही खोटी नव्हती. तिघांतल्या कुणाला दोष देऊ?

बाईंनी कागद पुढे ओढला. "एक माणूस कबुली देतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि बर्फात गोडं पाणी सापडलं. एवढं लिहिते." मग ग्लेबला बोलावून दरडावलं, यापुढे एकही रेग्युलेटर तळाच्या कुलपाबाहेर जाता कामा नये. का, ते त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

७

स्लेज निघाली तेव्हा गाव जमलं होतं. तिमोफेय मधून चालत गेला. एक बाई त्याच्या पायापाशी थुंकली. जो तो त्याला मोठ्यानं ऐकवत होता, "न वाळवता दिले! दोन्ही!" तो कुणाकडे बघत नव्हता.

मग गर्दी बाजूला झाली आणि अगाफ्या आली. हातात बाटली.

"तू धुतलेस म्हणे."

"होय, मावशी."

"वाळवले नाहीस."

"नाही."

तिनं हात उचलला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, तशी बसली असती तर आम्हा तिघांनाही सोपं गेलं असतं. पण तिनं त्याच्या डोक्यावरची केसाळ टोपी काढली.

"तुला जेवू घातलंय मी, तिमा. माझ्या हातानं वाढलेल्याला मी तळतळाट देणार नाही. माफ केलं तुला. चूक माझीही आहे. त्या यंत्रांना पाजताना हात आखडला मी. पुरतं पाजलं असतं तर तुझी चूकसुद्धा झाकली गेली असती." तिचा आवाज चिरकला. "आता नाही आखडत. वाक."

तिमोफेय बर्फात गुडघ्यांवर बसला. ती बाटली त्याच्या डोक्यावर ओतत राहिली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ओठांत पुटपुटत राहिली. त्यानं डोळे मिटले होते. त्या कडाक्यात पाणी कानांपर्यंत ओघळायच्या आत गोठत होतं. त्याचे काळे केस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे होत गेले.

"गा ना, निकानोर," अगाफ्या म्हणाली. "तीर्थ देताना गातात ना?"

मी गायलो. आवाज कुठून आला मला ठाऊक नाही.

वार्वाराबाई स्लेजवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकू येणाऱ्या कानावर हात घट्ट दाबून धरला होता.

तिमोफेय उठला, अगाफ्याच्या पिठाळ हाताचं चुंबन घेतलं आणि स्लेजवर जाऊन बसला. तिच्याकडून परत घेतलेली टोपी मांडीवरच ठेवली. ती घातली असती तर बर्फ वितळला असता.